जर्मनीत पैशाची अडचण आली तर: कारितासकडे कोणी जावं, सोबत काय न्यावं

आधी एक गैरसमज काढून टाकू. कारितास ही कॅथलिक चर्चची संस्था असली तरी तिथे मदत मागायला कॅथलिक असावं लागत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला कुणी मागत नाही. वसई-गोव्याकडून आलेल्या काही जणांनी पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात रोमन कॅथलिक लिहिलं आणि पहिल्या पगारपत्रकात चर्चकर बघून ते दचकले. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तो आयकराच्या ८ टक्के असतो, इतर राज्यांत ९ टक्के. पण हा कर भरणाऱ्यालाही कारितासच्या रांगेत पुढचा नंबर मिळत नाही.

दुसरं म्हणजे, इथे रोख पैसे मिळतील या आशेने जाऊ नका. आपल्याकडच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, विन्सेंट डी पॉल संस्थेची माणसं घरी येऊन विचारपूस करतात, शिधा किंवा फीचे पैसे देतात. जर्मन कारितासचं काम वेगळ्या धाटणीचं आहे. लोरेन्झ वेर्थमान या धर्मगुरूंनी १८९७ मध्ये तिची स्थापना केली. मुख्यालय फ्रायबुर्गला आहे आणि आज देशभरात सुमारे ७ लाख माणसं तिच्याकडे पगारावर काम करतात. जर्मनीत सरकार बरीचशी सामाजिक कामं अशा संस्थांवर सोपवतं आणि त्यांचा खर्च उचलतं, म्हणून सल्ला फुकट असतो. तिथे तुमच्यासमोर बसतो तो प्रशिक्षित समाजकार्यकर्ता. कोणत्या कार्यालयाकडून तुमचं काय येणं आहे हे त्याला पाठ असतं. तो अर्ज भरून देतो, पत्र लिहून देतो, गरज पडली तर तुमच्यासमोरच फोन लावतो.

कोणत्या दारात जायचं

वय २७ च्या वर असेल आणि तुम्ही बाहेरच्या देशातून आला असाल तर ‘मिग्राट्सिओन्सबेराटुंग’, म्हणजे स्थलांतरितांसाठीचा सल्ला. १२ ते २७ वयोगटासाठी ‘यूगेंडमिग्राट्सिओन्सडीन्स्ट’ ही वेगळी सेवा आहे. कर्ज थकलं असेल तर ‘शुल्डनरबेराटुंग’. यातलं नेमकं काय हवं ते कळत नसेल तर सरळ ‘आल्गेमाइने सोत्सिआलबेराटुंग’ मागा. ते ऐकून घेतात आणि पुढे पाठवतात. गावात कारितासचं कार्यालय नसेल तर प्रोटेस्टंट चर्चची डियाकोनी किंवा आवो ही संस्था जवळपास हेच काम करते.

विद्यार्थ्यांनी विद्यापीठाजवळची कॅथलिक विद्यार्थी मंडळी, म्हणजे ‘काहागे’ (KHG), गाठावी. रोख मदतीची शक्यता कुठे असेल तर इथेच: अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी छोटा आपत्कालीन निधी असतो. तो साधारणपणे एखाद्या वेळेपुरताच, आणि शिक्षण पूर्ण होण्याची शक्यता दिसत असेल तरच मिळतो. त्यासाठी पासपोर्ट, प्रवेशाचा दाखला, आतापर्यंतचे गुण, गेल्या काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि अडचण कशी आली हे सांगणारं पत्र न्यावं.

परवान्याला धोका आहे का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारतं मात्र कुणी नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कारितासमध्ये जाऊन बोलल्याने तुमच्या निवास परवान्याला काहीही होत नाही. मान्यताप्राप्त समाजकार्यकर्त्याला जर्मन दंडसंहितेच्या कलम २०३ नुसार गुप्तता पाळावी लागते. तुमच्या वतीने कुणाशी बोलायचं असेल तर तो आधी तुमची लेखी संमती घेतो. त्या कागदावर कार्यालयांची नावं लिहिलेली असतात. वाचा, नको असलेलं नाव खोडा, मगच सही करा.

धोका असतो तो सरकारी मदत घेण्यात, आणि तीही सगळी सारखी नाही. परवाना देताना ‘स्वतःचा खर्च स्वतः भागवतो का’ हे बघतात. निवास कायद्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट यादी आहे: किंडरगेल्ड (मुलांसाठीचा भत्ता), किंडरत्सुश्लाग (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मुलांसाठी वाढीव भत्ता), एल्टर्नगेल्ड (बाळ झाल्यावर पालकांना मिळणारा भत्ता) आणि स्वतःच्या वर्गणीतून मिळणारे लाभ यात आड येत नाहीत. म्हणून नोकरी गेल्यावर मिळणारा बेकारी विमा बिनधास्त घ्यावा. तो तुमच्याच पगारातून कापलेला पैसा आहे. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने वर्गणी भरलेली हवी. नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी, आणि उशिरा कळलं तर तीन दिवसांत रोजगार कार्यालयाला कळवावं लागतं. हे चुकलं की पैसे कापतात. ब्युर्गरगेल्डसारखी, म्हणजे उत्पन्न पुरत नाही म्हणून सरकार देतं ती निर्वाह मदत मात्र या यादीत नाही. ती देणाऱ्या जॉबसेंटर या कार्यालयाचा अर्ज भरण्याआधी कारितासमध्ये जा, नंतर नाही. आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला ब्युर्गरगेल्ड बहुतेक मिळतच नाही, त्यामुळे कुणी ‘भरून तर बघ’ म्हणालं तर ऐकू नका.

वेळ कशी घ्यायची

बहुतेक ठिकाणी फोन करून वेळ ठरवावी लागते. काही कार्यालयांत आठवड्यातून एक-दोनदा ‘ओफेने श्प्रेखश्टुंडे’ असते, म्हणजे वेळ न घेता जाऊन रांगेत बसायचं. जर्मन येत नसेल तर फोनवरच भाषा सांगा. इंग्रजी अनेक ठिकाणी चालतं, मराठीसाठी ओळखीचं माणूस न्या. लहान मुलांना दुभाषी करू नका, घरच्या कर्जाचं ओझं त्यांच्या डोक्यावर येतं. घराबाहेर पडणंच जड वाटत असेल तर कारितासचा ऑनलाइन सल्ला आहे. तिथे टोपणनाव आणि पिनकोड दिला की त्या भागातला सल्लागार लेखी उत्तर देतो. खरं नाव द्यावं लागत नाही.

कागद

पासपोर्ट आणि निवास परवाना, पत्तानोंदणीचा दाखला, भाडेकरार, शेवटची तीन पगारपत्रकं, तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आणि सरकारी कार्यालयांनी दिलेले सगळे निर्णय. निर्णयाला ‘बेशाइड’ म्हणतात. त्याच्या शेवटी आक्षेपाची मुदत छापलेली असते, बहुधा एक महिना. मूळ कागद दाखवायला न्या, प्रती देऊन या.

आणि न उघडलेली पत्रं. हे मी गमतीने लिहीत नाही. एका पुण्याच्या मुलाबरोबर दुभाषी म्हणून गेलो होतो. त्याने टेबलावर सुपरमार्केटची कापडी पिशवी उलटी केली: अकरा लिफाफे, त्यातले पाच बंद. सल्लागार बाईंनी एक शब्द न बोलता पंचिंग मशीन पुढे ओढलं आणि तारखेप्रमाणे गठ्ठे लावायला घेतले. एका पिवळ्या लिफाफ्याशी थांबल्या. गाव सोडल्यावरही चालू राहिलेल्या एका जिमच्या वर्गणीसाठी आलेला तो न्यायालयाचा ‘मानबेशाइड’, म्हणजे थकलेले पैसे भरण्याचा आदेश होता. लिफाफ्यावर पोस्टमनने हाताने लिहिलेली तारीख बघून म्हणाल्या, “चार दिवस उरलेत.”

म्हणून पिवळा लिफाफा कधीही फेकू नका. मानबेशाइडची मुदत त्यावरच्या तारखेपासून मोजतात आणि ती फक्त दोन आठवड्यांची असते. मागणी खरी की खोटी हे न्यायालय या टप्प्यावर तपासत नाही. सोबतच्या फॉर्मवर आक्षेपाची खूण करून परत पाठवायचं, कारण द्यावं लागत नाही. गप्प बसलात तर पुढची पायरी जप्तीकडे जाते.

कर्ज डोक्यावरून गेलं असेल तर

आधी चालू खात्याचं ‘पे-कोंटो’ करून घ्या. हा तुमचा हक्क आहे. असं खातं जप्त झालं तरी दरमहा ठरावीक रक्कम तुमच्या हातात राहते. जुलै २०२५ पासून ती १,५६० युरो होती आणि दर १ जुलैला बदलते. मुलं असतील तर वाढीव रकमेसाठी दाखला लागतो, तो कारितासचे सल्लागार देतात. बँकेने खातंच बंद केलं असेल तर ‘बाझिसकोंटो’साठी, म्हणजे साध्या मूलभूत खात्यासाठी अर्ज करा, २०१६ पासून कायद्याने ते मिळतं.

दिवाळखोरीचा मार्ग ३ वर्षांत संपतो. पण आधी ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांशी न्यायालयाबाहेर तडजोडीचा प्रयत्न करावा लागतो. तो फसल्याचा दाखला मान्यताप्राप्त सल्ला केंद्र किंवा वकील देतो, आणि न्यायालयात अर्ज करताना तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. कारितासमध्ये या कामासाठी काही महिने थांबावं लागू शकतं. त्या काळात ‘तीन आठवड्यांत कर्जमुक्ती’ म्हणून पैसे उकळणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती डोळ्यांसमोर नाचतात; त्यांच्या वाटेला जाऊ नका. वकील लागलाच तर उत्पन्न कमी असणाऱ्याला स्थानिक न्यायालयातून ‘बेराटुंग्सशाइन’, म्हणजे कायदेशीर सल्ल्याचा परवाना मिळतो, मग वकिलाला जास्तीत जास्त १५ युरो द्यावे लागतात.

विजेचं बिल फुगत असेल तर ‘श्ट्रोमश्पार-चेक’, म्हणजे वीज वाचवण्यासाठी घराची तपासणी, आहे का विचारा. २००८ पासून कारितास आणि ऊर्जा संस्था मिळून तो चालवतात. ब्युर्गरगेल्ड, घरभाडे मदत किंवा किंडरत्सुश्लाग घेणाऱ्यांच्या घरी माणूस येऊन वीज मोजतो आणि एलईडी दिवे, पाणी वाचवणारा शॉवर फुकट बसवून देतो. तो येईल तेव्हा गेल्या वर्षीचं बिल काढून ठेवा, पहिल्यांदा तेच मागतो.