काथ्याच्या वाळूपासून चुंबकापर्यंत: भारतातील मोनाझाइटची वाटचाल

लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेल्या जाणाऱ्या गॅसबत्तीचे मेंटल आठवा. पहिल्यांदा पेटवले की सूत जळून जाते आणि मागे राहते ती फुंकरीनेही मोडणारी पांढरी जाळी. ती जवळजवळ 99 टक्के थोरियम ऑक्साइडची असते, उरलेला एक टक्का सेरियम ऑक्साइड. हे मिश्रण 1891 साली बाजारात आणले ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. त्याआधी, 1885 मध्ये, त्यांनीच 'डिडिमियम' नावाने एकच समजले जाणारे मूलद्रव्य फोडून त्यातून नियोडिमियम आणि प्रासिओडिमियम अशी दोन वेगळी केली होती. आज विजेच्या गाड्यांच्या मोटारींसाठी सगळे जग ज्यांच्या मागे आहे ती हीच जोडी. तेव्हा मात्र तिला गिऱ्हाईक नव्हते. मागणी होती थोरियमला.

थोरियम मोनाझाइट या किनारी वाळूतल्या जड खनिजातून मिळे आणि मोनाझाइट मुख्यतः ब्राझीलमधून येई. 1909 मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर तपकिरी कण दिसले. त्या वाळूचा माग आताच्या तमिळनाडूतल्या मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावर लागला. तिथे आणि नंतर केरळातल्या चवरा येथे कारखाने उभे राहिले. पहिले महायुद्ध सुरू होताच शोमबर्गला अटक झाली आणि कारखाने ब्रिटिश कंपनीकडे गेले. पुढे विजेचे दिवे आले, मेंटलचा धंदा ओसरला आणि पांढऱ्या रंगासाठी त्याच वाळूतल्या इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची मागणी वाढली. मोनाझाइट जोडउत्पादन झाले, आणि इथे ते आजही जोडउत्पादनच आहे. या विषयावर लिहिणारे बरेच जण हे विसरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर थोरियमकडे अणुइंधन म्हणून पाहिले जाऊ लागले आणि मोनाझाइटची निर्यात बंद झाली. 18 ऑगस्ट 1950 रोजी केंद्र सरकार आणि त्रावणकोर-कोचीन सरकार यांनी मिळून इंडियन रेअर अर्थ्‌स (आताची आयआरईएल) ही कंपनी स्थापन केली. रेअर अर्थ म्हणजे नियोडिमियम, सेरियम यांसारख्या, गुणांनी एकमेकांच्या जवळ असलेल्या मूलद्रव्यांचा गट. फ्रेंच तंत्रज्ञानावर केरळातल्या अलुवा येथे पहिला कारखाना उभा राहिला. 24 डिसेंबर 1952 रोजी नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. अलुव्यातून निघणारा थोरियमयुक्त गाळ मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) येई आणि 1955 पासून तिथल्या कारखान्यात त्याचे थोरियम नायट्रेट होई. म्हणजे गॅसबत्तीच्या मेंटलचा कच्चा माल मुंबईतच तयार होत होता. 1963 मध्ये कंपनी पूर्णपणे केंद्राची झाली आणि अणुऊर्जा खात्याखाली गेली. नाव रेअर अर्थचे असले तरी सरकारची नजर थोरियमवर होती. बाकीचा माल लायटरच्या दगडाला, काचेच्या पॉलिशला आणि सिनेमा प्रोजेक्टरच्या कार्बन कांड्यांना जाई. माल भारतातला, प्रक्रियाही भारतातली. अडले ते त्यापुढे. का, हे कळायला प्रक्रिया जरा जवळून पाहावी लागते.

ओडिशात गंजम जिल्ह्यातल्या छत्रपूरला तरंगता ड्रेजर वाळू खेचतो आणि ती पाण्यासोबत स्पायरलच्या नागमोडी पन्हळींतून खाली सोडली जाते. वाळूतल्या क्वार्ट्झची घनता 2.65, इल्मेनाइटची 4.7 आणि मोनाझाइटची 5 च्या आसपास. त्यामुळे हलकी वाळू बाहेरच्या काठाला जाते आणि जड खनिजे आतल्या बाजूला राहतात. हा जड माल गोड्या पाण्याने धुऊन वाळवतात आणि उच्च दाबाच्या विद्युत विभाजकाच्या फिरत्या रुळावर सोडतात. इल्मेनाइट आणि रुटाइल वीजवाहक असल्याने रुळावरून उडून पुढे पडतात. मोनाझाइट, झिरकॉन, गार्नेट आणि सिलिमनाइट रुळाला चिकटून मागे येतात. मग चुंबक: गार्नेट आणि मोनाझाइट कमीअधिक ओढले जातात, झिरकॉन ओढले जात नाही. धुण्यात कसूर राहून कणांवर मिठाचा पापुद्रा उरला किंवा पावसाळ्यात माल दमट राहिला, तर वीज न वाहणारे कणही वाहकासारखे वागतात आणि मोनाझाइट इल्मेनाइटच्या ढिगात जाते.

हाती आलेल्या मोनाझाइटमध्ये 55 ते 60 टक्के रेअर अर्थ ऑक्साइडे, 8 ते 9 टक्के थोरियम ऑक्साइड, सुमारे 0.35 टक्के युरेनियम ऑक्साइड आणि बाकी मुख्यतः फॉस्फेट असते. ते 45 मायक्रॉनखाली दळून तीव्र कॉस्टिक सोड्यात सुमारे 140 अंशांवर तीन-चार तास शिजवतात. दळण जाड राहिले तर कणाभोवती हायड्रॉक्साइडचे कवच बसते आणि आतला गाभा तसाच कच्चा राहतो. फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेट होऊन पाण्यात उतरते आणि वेगळे विकले जाते. ते गरम असतानाच गाळावे लागते. थंड झाले की त्याचे खडे जमून गाळण्या तुंबतात. मागे उरलेल्या हायड्रॉक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, पण पीएच 3 च्या आसपास राखून. आम्ल जास्त झाले तर थोरियमही विरघळते, कमी पडले तर रेअर अर्थ गाळातच राहतात. हवेशी संपर्क आला की सेरियमचे ऑक्सिडीकरण होते आणि तेही हट्टाने गाळात बसते.

इथे आणखी एक अडचण येते. थोरियमच्या क्षयातून तयार होणारे रेडियम-228 थोरियमबरोबर मागे न राहता क्लोराइडच्या द्रावणात उतरते. म्हणून बेरियम क्लोराइड आणि सल्फेट घालून बेरियमच्या साक्याबरोबर ते खाली बसवतात. शिसे सल्फाइडने काढतात. हा साका किरणोत्सारी असल्याने सिमेंट काँक्रीटच्या चरांमध्ये पुरावा लागतो. कारखाना चालू आहे तोवर हा साका साठतच जातो.

इथवर भारताला 1950 च्या दशकापासून येत होते. खरे कठीण काम पुढे असते, ते म्हणजे एका द्रावणात मिसळलेली डझनभर भावंडे वेगळी करणे. फॉस्फरसयुक्त संयुग मिसळलेले केरोसीन आणि पाण्यातले क्लोराइड टाकीत आधी घुसळायचे, मग स्थिरावू द्यायचे; काही मूलद्रव्ये केरोसीनच्या थरात थोडी जास्त उतरतात, काही पाण्यातच राहतात. प्रासिओडिमियम आणि नियोडिमियम यांच्यातला फरक इतका थोडा की एका टप्प्यावर त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जेमतेम दीडपट बदलते. म्हणून अशा टाक्या शेकड्यांनी, एकीला एक जोडून लावतात. पहिल्या दिवसापासून शुद्ध माल निघत नाही. टाक्यांतला समतोल बसायला आठवडे, कधी महिने जातात आणि तोवर लाखमोलाचा माल आतच अडकून राहतो. द्रावणातून बारीक सिलिका आली तर दोन थरांमध्ये साय धरते आणि थर सुटत नाहीत. वीज जाऊन प्रवाह बिघडला तर बसलेली घडी पुन्हा बसवावी लागते.

चीनने बाजी मारली ती इथेच. पेकिंग विद्यापीठाचे श्वू ग्वांगश्येन यांनी 1970 च्या दशकात टाक्यांची संख्या आणि प्रवाहांचे प्रमाण आधीच गणिताने काढण्याची पद्धत बसवली, त्यामुळे प्रयोगशाळेतून थेट कारखान्यात उडी मारता आली. चीनमधल्या बायान ओबोच्या खाणीत लोहखनिजाबरोबर रेअर अर्थ निघत होतेच, आणि दक्षिणेकडच्या मातीत डिस्प्रोसियम-टर्बियमसारखी जड मूलद्रव्ये होती. 1980 च्या दशकात नियोडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक आले आणि जपान-अमेरिकेत लागलेल्या या शोधाचे उत्पादन हळूहळू चीनकडे सरकले. भाव इतके पडले की आयआरईएलने 2004 मध्ये मोनाझाइटवरची प्रक्रिया थांबवली. कंपनी तरली ती इल्मेनाइट, रुटाइल आणि झिरकॉनवर.

2010 मध्ये चीनने निर्यात कोटा कापला आणि जपानचा पुरवठा अडखळला. मग 2012 मध्ये भारत-जपान करार झाला आणि छत्रपूरला वर्षाला 10,000 टन मोनाझाइट हाताळणारा नवा कारखाना उभा राहिला. त्यातले मिश्र क्लोराइड वेगळे करायला अलुव्याला जाते. विशाखापट्टणमला सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना 11 मे 2023 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. क्षमता वर्षाला 3,000 किलो. किलो, टन नव्हे. संरक्षण आणि अवकाशाच्या कामासाठी तो ठीक आहे. गाड्यांच्या बाजाराशी त्याचा संबंध नाही.

कायद्याचा मार्गही वळणावळणाचा राहिला. मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येते. 1998 मध्ये किनारी वाळूची बाकीची खनिजे खासगी क्षेत्राला खुली झाली, पण एकाच वाळूतून इल्मेनाइट घ्यायचे आणि मोनाझाइट सोडायचे ही अट पाळली जाते की नाही यावरून तमिळनाडूत मोठा वाद पेटला. 2019 मध्ये खासगी खाणींसाठी वाळूतल्या मोनाझाइटची मर्यादा शून्यावर आणली गेली आणि किनारी वाळू पुन्हा सरकारी कंपन्यांकडे आली. गैरव्यवहार रोखायला हे योग्यच होते. त्याची किंमत म्हणून खाणकाम एक-दोन कंपन्यांच्या वेगाने चालू लागले. त्याच्या जोडीला किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी आणि मच्छीमारांचा विरोध आहेच.

कोकणातही काळी वाळू आहे, मग रत्नागिरीत का नाही, असा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइट आहे, पण ते दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेले. मोनाझाइट येते ग्रॅनाइट, नाइस आणि खोंडालाइटसारख्या जुन्या खडकांतून. तसे खडक केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यामागे आहेत. महाराष्ट्राचे नाव मोनाझाइटच्या यादीत आहे, पण अगदी तळाला. आपला संबंध वेगळा आहे: आयआरईएलचे मुख्यालय प्रभादेवीत आहे आणि पुण्याच्या वाहन कारखान्यांना चुंबक लागतात.

4 एप्रिल 2025 रोजी चीनने सॅमेरियम, टर्बियम, डिस्प्रोसियमसह सात मूलद्रव्यांना आणि त्यांच्या चुंबकांना निर्यात परवाना लावला, तेव्हा ही गरज अचानक उघडी पडली. 26 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सिंटर्ड (भुकटी दाबून भाजलेल्या) रेअर अर्थ चुंबकांसाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला 6,000 टन.

आता हिशेब मांडून पाहा. असा चुंबक वजनाने सुमारे 30 टक्के रेअर अर्थचा असतो, म्हणजे 1,800 टन धातू हवा. भारतीय मोनाझाइटच्या ऑक्साइडांत नियोडिमियम आणि प्रासिओडिमियम मिळून साधारण पाव हिस्सा. टनभर मोनाझाइटमधून धातू निघतो 120 किलोच्या आसपास. म्हणजे 15,000 टन मोनाझाइट, आणि कापताना-घासताना जाणारी भुकटी यात धरलेली नाही. छत्रपूरचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तरी हे बसत नाही. वाळूत टनामागे तीन किलो मोनाझाइट धरले तर पन्नास लाख टन वाळू उपसावी लागेल, आणि त्यासोबत निघणाऱ्या इल्मेनाइटलाही गिऱ्हाईक शोधावे लागेल. दर किलो नियोडिमियममागे दोन किलोहून जास्त सेरियमही निघेल, ज्याला भाव नाही. उष्णता सोसणाऱ्या मोटारीच्या चुंबकात डिस्प्रोसियम लागते; आपल्या मोनाझाइटमध्ये ते इतके अल्प आहे की प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या कागदांत पहिला प्रश्न त्याचाच असायला हवा.