साउंड रेकॉर्डिंग शिकायचंय? संस्था निवडण्याआधी हे वाचा

आमच्या स्टुडिओत येणारे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी माहितीपत्रक, सांगली

आमच्याकडे भजनं-अभंग रेकॉर्ड होतात, शाळांची स्वागतगीतं होतात, दुकानांच्या जाहिराती आणि निवडणुकीतल्या प्रचाराची गाणीही होतात. काम संपून फाईल हातात पडली की बरोबर आलेले वडील किंवा मामा विचारतात, "आमच्या पोराला यातच जायचं म्हणतोय. कुठं घालावं?" दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न रोजचाच. उभ्या-उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहून हातात द्यावं, म्हणून हे पत्रक काढलंय. आम्ही स्वतः कोर्स चालवत नाही आणि कोणत्याही संस्थेकडून कमिशन घेत नाही.

आधी काम ठरवा, मग संस्था

गाणं रेकॉर्ड करून मिक्स करणारा, म्हणजे सगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणारा, शूटिंगच्या जागी बूम (लांब दांडीवरचा माइक) धरून संवाद टिपणारा, सिनेमातल्या पावलांचे आणि भांड्यांचे आवाज नव्यानं करणारा, नाटकाच्या प्रयोगाला मिक्सरवर बसणारा, मैदानातल्या सभेला साउंड लावणारा, या सगळ्यांना लोक साउंड इंजिनिअरच म्हणतात. पण त्यांचं शिक्षण वेगळं, कामाची गावं वेगळी आणि पैसे मिळण्याची पद्धतही वेगळी. सिनेमा-मालिकांचं डबिंग आणि मिक्सिंग मुख्यतः मुंबईत चालतं. वाई-मेणवलीकडे चित्रीकरणं होतात, पण तंत्रज्ञ बहुतेक वेळा मुंबई-पुण्याहूनच येतात. सांगली-साताऱ्यात राहून पोट भरायचं असेल तर सर्वांत जास्त काम कार्यक्रमांचं आहे: नाटकं, कीर्तन महोत्सव, गणपती-नवरात्र, लग्नं, सभा. ज्या मुलाला गावातच राहायचंय त्याला फक्त संगीत निर्मितीचा महागडा कोर्स लावणं आम्हाला पटत नाही. त्यानं लाइव्ह साउंड, म्हणजे चालू कार्यक्रमाचा आवाज सांभाळणं, नीट शिकवणारी संस्था शोधावी.

लाइव्हमध्येही शास्त्र आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मैदानात स्टेजपासून ५० मीटर मागं बॉक्स (स्पीकर) लावले, तर पुढचा आवाज तिथं पोचायला सुमारे १४६ मिलिसेकंद लागतात. मागच्या बॉक्सना तेवढा विलंब दिला नाही तर मागं बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि भाषण कळत नाही. नुसता आवाज वाढवून हे सुटत नाही. हे गणित मुलांकडून प्रत्यक्ष मैदानात करून घेणारी संस्था चांगली.

विचारायचा मुख्य प्रश्न: हातात किती तास?

संस्थांच्या पत्रकावर मोठ्या कन्सोलचा, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरचा, फोटो असतो. कन्सोल खराच असतो, पण त्यावर तुमच्या मुलाचा हात किती वेळ असणार, ते पत्रकात लिहिलेलं नसतं. साधा हिशोब मांडून बघा. वर्गात ४० मुलं आणि स्टुडिओ एक. तो आठवड्यातले ६ दिवस, रोज १० तास उघडा राहिला तरी ६० तास होतात, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला दीड तास. त्यातला निम्मा वेळ सरांनी करून दाखवण्यात गेला तर उरली ४५ मिनिटं. वर्षाचे ४० आठवडे धरले तर वर्षभरात ३० तास. एवढ्यात पोहणंसुद्धा धड येत नाही.

म्हणून प्रवेशाच्या टेबलावर हे विचाराच: एका बॅचला मुलं किती, चालू अवस्थेतले स्टुडिओ किती, वर्गाची वेळ संपल्यावर मुलांना स्टुडिओ मिळतो का, रात्री मिळतो का, आणि बुकिंगची वही दाखवाल का? वही दाखवणाऱ्या संस्थेवर आमचा विश्वास चटकन बसतो. लहान स्टुडिओ, साधी उपकरणं, पण मुलगा पाच-सहा जणांच्या गटात आठवड्याला आठ-दहा तास स्वतः रेकॉर्ड करतोय, अशी संस्था आम्ही मोठ्या नावापेक्षा वर धरू.

त्या तासांत काय व्हायला हवं, ते एका उदाहरणानं सांगतो. आपल्या मिरजेचा तंबोरा घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इतकी ही आपली खास चीज. तंबोऱ्याचा जीव जवारीत. तार घोडीच्या (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) किंचित बाकदार पाठीला घासत कंप पावते आणि त्यातून वरचे बारीक स्वर फुटतात. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवून ती जवारी खुलवतात. आता माइक भोपळ्याच्या जवळ ठेवला की घुमारा भरपूर येतो, पण जवारी दबते. घोडीच्या अगदी तोंडाशी नेला की जवारी टोचायला लागते. शिवाय एका दिशेनं ऐकणारा माइक वाद्याच्या फार जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो. मग हात-दीड हात मागं यायचं, माइकचं तोंड थोडं वळवायचं, प्रत्येक जागी मिनिटभर रेकॉर्ड करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. एका दुपारी अशा चार-पाच जागा करून पाहिलेल्या मुलाला माइक कुठं ठेवायचा हे पुढं सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट नंतर दुरुस्त करता येत नाही.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो. पुष्कळ ठिकाणचा अभ्यासक्रम ड्रम आणि गिटारवर बेतलेला असतो. तो शिकावाच. पण तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुमक दोन माइकवर कशी घ्यायची, पेटीचा आवाज गायकाच्या माइकमध्ये कमी कसा शिरेल, टाळ वाजत असताना अभंगाचे शब्द कसे राखायचे, हे तिथं शिकवतात का? आपल्या भागात काम करणाऱ्याला रोज हेच लागणार आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत नाटक उभं केलं, तिथल्या मुलाला गायकी आणि रंगमंच टिपता यायलाच हवेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष जाऊन काय बघाल

फोनवर प्रवेश घेऊ नका. कामाच्या दिवशी, शिकवणं चालू असताना जा. भिंतींवर अंड्याचे ट्रे चिकटवलेले दिसले तर सावध व्हा. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही आणि खोलीतला घुमणारा खर्जही शोषला जात नाही. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. खोलीतला घुमारा काढायला ग्लासवूल किंवा रॉकवूलचे जाड पॅनेल लागतात. हा फरक शिकवणाऱ्यांनाच ठाऊक नसेल तर पुढं बोलणं नको.

केबलीकडे बघा. नीट गुंडाळून, बांधून, टांगून ठेवल्यात की कोपऱ्यात ढीग पडलाय? केबल कोपराभोवती करकचून गुंडाळली की आतली तार पिळवटते आणि ऐन कार्यक्रमात खरखर सुरू होते. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी गुंडाळी पहिल्याच आठवड्यात हातात बसवणारे शिक्षक असतील तर बाकीची शिस्तही तिथं असते. सोल्डरिंग शिकवतात का, तेही विचारा.

शिकणाऱ्या मुलांशी सरांच्या मागं बोला. त्यांना विचारा, शेवटचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग कोणतं, ऐकवशील का? मग एखादा साधा प्रश्न टाका: स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर कुठून शोधायला सुरुवात करशील? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तीच आवाजात शिरून गुणगुणते, आणि दोष अनेकदा अर्थिंगचा किंवा केबलचा असतो. वर्षभर शिकलेल्या मुलाला एवढं सुचलं पाहिजे.

काही संस्थांची नावं

पुण्याच्या एफटीआयआयची (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) स्थापना १९६० ची. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन पुढं पुण्याला गेलेल्या प्रभात कंपनीच्याच जागेत ती उभी राहिली. तिथला ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, प्रवेश परीक्षा असते आणि जागा मोजक्या. बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट असते, म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच त्याचा विचार करा. आर्ट्स घेतल्यावर हे लक्षात आलेली मुलं आमच्याकडे येऊन हळहळतात. २००९ मध्ये ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी. तिथला भर सिनेमाच्या ध्वनीवर आहे, हे ध्यानात ठेवा. कोलकात्याची सत्यजित राय संस्था त्याच जातीची. मुंबईत गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हिसलिंग वूड्स आहे, ती खाजगी. ज्याचा ओढा संगीताकडे आहे त्याच्यासाठी ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत सुरू केलेलं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. याशिवाय पुण्या-मुंबईत लहान-मोठ्या खाजगी संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही उत्तम काम करतात. वरची कसोटी सगळ्यांना सारखीच लावा, या नावाजलेल्यांनासुद्धा.

कागद आणि पैसा

पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं विद्यापीठाला असतो. खाजगी संस्था 'डिग्री' म्हणत असेल तर ती कोणत्या विद्यापीठाची ते लेखी घ्या आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर तपासा. बनावट विद्यापीठांची यादीही तिथंच असते. स्टुडिओत काम देताना आम्ही प्रमाणपत्र विचारत नाही, केलेलं काम ऐकतो. पण उद्या आकाशवाणी किंवा सरकारी नोकरीसाठी अर्ज करायचा तर मान्यता लागते, आणि शैक्षणिक कर्जही मान्यतेवर अडतं. पहिला हप्ता भरण्याआधी बँकेत विचारून या.

फीमध्ये जीएसटी धरलाय का ते विचारा; खाजगी कोर्सवर तो १८ टक्के लागू शकतो आणि मोठ्या फीवर ती रक्कम लहान नसते. राहणं, मेस, लॅपटॉप, चांगले हेडफोन, हार्ड डिस्क हे वेगळंच. 'शंभर टक्के प्लेसमेंट' या शब्दांवर जाऊ नका. या धंद्यात बहुतेक जण दिवसाच्या किंवा कामाच्या हिशोबानं पैसे घेतात, पगारी नोकऱ्या थोड्या. मागच्या दोन बॅचमधली मुलं आज नेमकं काय करतात ते विचारा आणि त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोलणं करून द्यायला सांगा.

लाखो रुपये भरण्याआधी

दोन-तीन महिने घरी करून बघा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं. एक साधा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी), एक माइक आणला की झालं. आजोबांची पेटी, शेजारच्या ताईंचं गाणं, देवळातलं भजन रेकॉर्ड करा. नवरात्रात ओळखीच्या साउंडवाल्याबरोबर बॉक्स उचला, केबली ओढा, रात्री १० ला आवाज बंद करून सामान आवरेपर्यंत थांबा. हे करूनही गोडी टिकली तर मुलगा किंवा मुलगी या कामाची. मुलींबद्दल मुद्दाम सांगतो: कान आणि चिकाटी लागते, त्यात मुली कुठंच कमी नाहीत. घरच्यांनी उशिराच्या कामाची काळजी जरूर करावी, पण तेवढ्यासाठी नाही म्हणू नये.

आणि कान जपा. ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही सुरक्षित मानलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलमध्ये फक्त १ तास. मिरवणुकीत बॉक्सच्या पुढं उभं राहणारा मुलगा या शिक्षणाचं भांडवलच घालवतो. प्रवेशाआधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

संस्था निवडताना दुसऱ्याचं मत हवं असेल तर शनिवारी दुपारी पालकांसह या, त्याचे पैसे घेत नाही. येताना संस्थेचं पत्रक, फीचा तक्ता आणि मुलानं स्वतः केलेलं एखादं रेकॉर्डिंग आणा. मोबाइलवरचं असलं तरी चालेल.