'पंच-आऊट' : पडून राहिलेल्या मॉनिटरांतून निघालेला बॉक्सर

'डाँकी काँग' या व्हिडिओ गेमने १९८१ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीला चांगलाच हात दिला. त्या भरात कंपनीने आर्केड यंत्रांसाठी (नाणं टाकून खेळायची मोठी यंत्रं) मॉनिटरही गरजेपेक्षा जास्त मागवून ठेवले. लाट ओसरली आणि माल पडून राहिला. मग गेन्यो ताकेदा यांच्या विभागाकडे फर्माईश आली: एका यंत्रात दोन मॉनिटर लागतील असा खेळ काढा. १९८४ च्या 'पंच-आऊट' या बॉक्सिंगच्या व्हिडिओ गेमचा जन्म इतका व्यवहारी आहे.

बॉक्सिंगचे खेळ त्याआधीही होते. सेगाच्या 'हेवीवेट चँप'मध्ये (१९७६) दोघे बाजूने दिसत, अ‍ॅक्टिव्हिजनच्या 'बॉक्सिंग'मध्ये (१९८०) वरून. ताकेदांच्या हाती मात्र चित्र लहान-मोठं करू शकणारं सर्किट होतं. त्यामुळे प्रतिस्पर्धी चांगला धिप्पाड करून थेट समोर उभा करता आला. वरच्या पडद्यावर गुण आणि चेहरे, खालच्यावर मारामारी. पात्रं रेखाटली 'डाँकी काँग'चे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी.

अडचण एकच होती. आपला बॉक्सर पाठमोरा उभा, म्हणजे समोरचा झाकला जाणार. त्यावर त्यांनी आपल्या बॉक्सरची नुसती हिरव्या रेषांची जाळी ठेवली, आरपार दिसणारी. आज ती शैली वाटते. तेव्हा ती गरज होती.

निन्टेंडोच्या घरच्या यंत्रावर, म्हणजे जपानातल्या फॅमिकॉमवर किंवा बाहेरच्या एनईएसवर, खेळ आणायचा तर ही जाळीही जमेना. तेव्हा आपला गडीच बुटका केला. हाच १०७ पौंडांचा लिटल मॅक, त्याच्या डोक्यावरून समोरचा आडदांड दिसतो. त्या आडदांडालाही जागा पुरत नव्हती, कारण एनईएस एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (पडद्यावर हलणारे चित्राचे छोटे तुकडे) दाखवू शके. म्हणून प्रतिस्पर्ध्याचं बरंचसं अंग पार्श्वभूमीच्या तुकड्यांतून जुळवलं आणि ते तुकडे पडदा रंगता रंगता बदलणारी एमएमसी-२ ही चिप कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळाच्या कॅसेटमध्ये, बसवली. ती या एका खेळापुरतीच वापरली गेली.

या फौजेत मुंबईचाही एक गडी आहे! ग्रेट टायगर, पत्ता 'बॉम्बे, इंडिया'. फेटा, जादू, गरगरणं, सगळा ठरीव मसाला. आपल्याला हसू येतं आणि थोडा रागही. पण खेळाचं मर्म त्याच्यातच नेमकं दिसतं. ठोसा मारण्याआधी त्याच्या फेट्यातला खडा चमकतो. ते हेरलं की चुकवता येतं. 'पंच-आऊट'मध्ये बटणं बडवून भागत नाही, समोरच्याच्या खोडी ओळखाव्या लागतात.

१९८७ मध्ये जपानात गोल्फच्या व्हिडिओ गेमच्या एका स्पर्धेत 'पंच-आऊट'चं सोनेरी कार्ट्रिज १०,००० जणांना बक्षीस म्हणून दिलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत खेळ आला तो बॉक्सर माइक टायसनच्या नावाने. नोव्हेंबर १९८६ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला होता. खेळातला टायसनही तसाच: पहिली ९० सेकंदं त्याचा एक अपरकट लागला की मॅक आडवा.

बलात्काराच्या खटल्यामुळे खेळातून टायसनचं नाव काढून टाकलं, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. तारखा जुळत नाहीत. ते प्रकरण १९९१ चं. नावाचा करार संपला होता आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला लोळवलंही होतं. त्याच वर्षी नवी आवृत्ती निघाली आणि शेवटच्या लढतीत टायसनच्या जागी मिस्टर ड्रीम हा काल्पनिक बॉक्सर उभा राहिला. डावपेच टायसनचेच, डोकं तेवढं बदललेलं.