कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का?

मतदानाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात झेडपीच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहा. एक वाद हमखास कानावर येतो. "कार्ड हाय ना माझ्याकडं! सरकारनंच दिलंय. मग मतदान का करू देत नाहीत?" आतला अधिकारी सांगतो, "यादीत नाव नाही." दोघंही खरंच बोलत असतात, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. प्रत्येक निवडणुकीत हाच घोळ होतो आणि प्रत्येक वेळी माणूस मत न देता, चिडून घरी जातो. तो घोळ एकदाचा मिटावा म्हणून हे लिहितोय.

कार्डाबद्दल फार सांगायला नको. फोटो असलेलं मतदार ओळखपत्र १९९३ पासून आहे, मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात आलं. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा त्याचा क्रमांक असतो. त्याचं काम एकच: समोर उभा असलेला माणूस तोच आहे, हे पटवणं. हे काम दुसऱ्या कागदांनीही होतं. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड, हे सगळं चालतं. रेशनकार्ड चालत नाही. मतदानाआधी घरी येणारी मतदार चिठ्ठीही २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, ती फक्त तुमचं केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. कार्ड हरवलं म्हणून घरी बसणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नाव यादीत असेल तर कार्डावाचून काही अडत नाही.

मतदानाचा हक्क ठरतो तो यादीवर. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ मध्ये स्पष्ट आहे की मतदारसंघाच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याला तिथं मत देता येत नाही. त्या कलमात कार्डाचा उल्लेखच नाही. नव्या प्लॅस्टिक कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हेच छापलेलं असतं: नुसतं कार्ड जवळ असणं म्हणजे सध्याच्या यादीत नाव असल्याची हमी नाही, प्रत्येक निवडणुकीआधी यादी तपासा. आता कार्ड उलटं करून बघा. त्या ओळी कुणी वाचत नाही, याचं फार वाईट वाटतं. बँकेचं पासबुक आणि बँकेतलं खातं यांच्यात जे नातं, तेच इथं. खातं बंद झालं तरी पासबुक पेटीत तसंच राहतं.

केंद्राच्या आत काय होतं ते पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोर तुमच्या यादी भागाची छापील प्रत असते. तो अनुक्रमांक शोधतो आणि नाव मोठ्यानं वाचतो. मागं बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या प्रतीत खूण करतात. मग तो ओळखीचा कागद पाहतो आणि नावाखाली रेघ ओढतो. दुसरा अधिकारी नमुना १७-अ च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो. तिसऱ्याकडं यंत्राचं कंट्रोल युनिट असतं. या साखळीची पहिली कडी यादी आहे. तिथं नाव सापडलं नाही तर ओळख पटवायचा प्रश्नच येत नाही. केंद्राध्यक्षाला नवं नाव घालायचा अधिकारही नाही, त्याच्यावर ओरडून काही उपयोग नाही.

उलट बाजूही माहीत हवी. कार्ड जुन्या मतदारसंघाचं असलं, पण नाव या केंद्राच्या यादीत असलं, तर ते कार्ड चालतं. नावाच्या शुद्धलेखनात थोडा फरक असला तरी चालतो. फोटोच जुळत नसेल तर दुसरा ओळखीचा कागद लागतो. तुमचं नाव केंद्रावरच्या 'गैरहजर, स्थलांतरित, मयत' अशा वेगळ्या यादीत असलं तरीही घाबरून परत फिरू नका. ओळखीचा पक्का कागद दाखवा, केंद्राध्यक्ष खात्री करून घेतात, सहीसोबत अंगठाही घेतात आणि मत देऊ देतात. ही वेगळी यादी म्हणजे नाव कापलं असं नव्हे, हे अनेक पक्षप्रतिनिधींनाही माहीत नसतं.

मग हातात कार्ड राहून नाव जातं कसं? मराठवाड्यात याचं मोठं कारण चुकीचा फॉर्म. पुण्याला, चाकणला किंवा वाळूजला कामाला गेलेला माणूस तिथं नमुना ६ भरतो. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी आहे. पत्ता बदलला, लग्न होऊन सासरी नाव न्यायचं, चूक दुरुस्त करायची, कार्ड बदलून हवं, या सगळ्यासाठी नमुना ८ आहे. नमुना ८ भरला की जुनी नोंद उठून नव्या जागी जाते आणि कार्डाचा क्रमांक तोच राहतो. नमुना ६ भरला तर गावाकडची नोंद तशीच राहते, नवी तयार होते, एका माणसाची दोन कार्डं होतात. पुढं संगणकावर सारखे फोटो आणि सारखे तपशील असलेल्या नोंदी काढल्या जातात आणि त्यातली एक कापली जाते. कुठली कापायची हे तुम्ही ठरवलेलं नसतं. मग ज्या नोंदीचं कार्ड खिशात, नेमकी तीच गेलेली, असं घडतं. शिवाय नमुना ६ मध्ये 'माझं नाव दुसरीकडं नाही' असं लिहून दिलेलं असतं. ते खोटं ठरलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'गावाकडचंही असू द्या' ही सवय सोडा. जिथं बारमाही राहता तिथंच नाव ठेवा.

ऊसतोड मजुरांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त अन्याय होतो. बीड, जालना, परभणीकडची कोयती, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीनंतर मुकादमासोबत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्याच सुमारास पडताळणीला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतो, दाराला कुलूप दिसतं, शेजारी म्हणतात 'गेलेत'. पुढं कागदावर 'स्थलांतरित' होतं. पण त्याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये सांगितलंय की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं सर्वसाधारण वास्तव्य तुटत नाही. चार-सहा महिन्यांनी परत येणाऱ्याचं नाव कापायचं कारण नाही. कापण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. ती नोटीस बंद दाराला लागते, हीच अडचण. टोळी निघण्याआधी बीएलओला गाठून 'हंगामाला चाललोय, मार्चला परत' एवढं सांगून ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कार्डांचे क्रमांक लिहून द्या. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय चुकीचा वाटला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं.

व्हॉट्सॲपवर दर निवडणुकीला फिरणारा एक मेसेज मात्र कृपा करून पुढं पाठवू नका. 'यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, कलम ४९-अ खाली चॅलेंज व्होट मागा.' निवडणूक नियमांतला ४९-अ हा मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे! चॅलेंज म्हणजे पक्षाच्या प्रतिनिधीनं दोन रुपये भरून समोरच्याच्या ओळखीवर घेतलेली हरकत. आणि टेंडर्ड मत, नियम ४९-प प्रमाणे, तेव्हा मिळतं जेव्हा तुमचं नाव यादीत आहे पण तुमच्या नावानं आधीच कुणी मत देऊन गेलंय. तेव्हा यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत द्यायचं. 'अमुक टक्के टेंडर्ड मतं पडली की फेरमतदान' असा नियम कुठंही नाही. या मेसेजपायी लोक यादी न तपासता जातात, हे खरं नुकसान.

बाहेरच्या देशांचे दाखले देणारेही याच गोंधळात असतात. ऑस्ट्रेलियात नोंदणी आणि मतदान दोन्ही सक्तीचं, पण केंद्रावर ओळखपत्र मागतच नाहीत. नाव, पत्ता आणि 'या निवडणुकीत आधी मत दिलंय का' एवढं विचारून यादीत खूण करतात. ब्रिटनमध्ये फोटो ओळखपत्राची सक्ती आली ती मे २०२३ च्या इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांपासून, त्याआधी यादीवरच काम चालायचं. जर्मनीत रहिवासी नोंदीवरून यादी आपोआप बनते आणि मतदाराला पत्र येतं. कॅनडात आणि अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या काही राज्यांत मतदानाच्या दिवशीही नाव लावता येतं. नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही. कार्ड आणि यादी खरोखर बांधलेली आहेत ती मेक्सिकोत: अर्ज करून कार्ड उचललं तरच मतदानाच्या यादीत नाव येतं. आपल्याकडं तसं नाही.

मतदानाच्या टक्केवारीचंही असंच. आपली टक्केवारी यादीतल्या नावांवर काढतात. एका भागात १२०० नावं, त्यातली १०० मयत किंवा गाव सोडून गेलेल्यांची, आणि ७२० लोकांनी मत दिलं, तर आकडा ६०. खऱ्या ११०० मतदारांवर काढला तर ६५ च्या वर. अमेरिकेतले अभ्यासक बहुधा पात्र लोकसंख्येवर काढतात, म्हणजे नोंदणी न केलेलेही त्यात धरले जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'आपण मागं, ते पुढं' म्हणणं चूक आहे. मयतांची नावं नमुना ७ भरून काढा. घरच्यांनीच भरावा, दुसऱ्या कुणाची वाट बघू नये.

झेडपी, पंचायत समिती, नगरपालिकेला वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेनुसार घेऊन गण, गट, प्रभागात वाटतो. पदवीधर मतदारसंघाची यादी मात्र स्वतंत्र, दर वेळी नव्यानं बनते, नमुना १८ वर. मागच्या वेळचं नाव तिथं धरत नाहीत.

यादी तपासायची वेळ कोणती? उमेदवारांनी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाआधी किमान दहा दिवस तरी तुमचा फॉर्म पोचलेला हवा. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे जे नोव्हेंबरात जागे झाले त्यांना उशीर झाला होता. अठरा पूर्ण झाली का हे मोजायची तारीख आता वर्षातून चारदा असते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताना आधी कार्डाचा क्रमांक टाका. सापडलं नाही तर नावानं शोधा, आणि वेगवेगळ्या तऱ्हेनं: 'राव', 'अप्पा', 'बाई' लावून आणि काढून, शेख, सय्यद, पठाण नावाआधी आणि नावानंतर धरून. १९५० या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत भागाची छापील यादी मागा. छापील यादी घेतली तर शेवटची पुरवणी पानं जरूर उलटा. नवी आणि बदललेली नावं तिथं असतात, मुख्य यादीत नसतात. कापलेल्या नावापुढं अक्षर असतं: ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. तुमच्यापुढं एस दिसलं आणि तुम्ही गावातच राहत असाल, तर त्याच दिवशी बीएलओकडं जा.