सायनसचं औषध खरंच लागू पडलं का?

सर्दीला आठवडा उलटला, कपाळ ठणकतंय, खाली वाकलं की गालांच्या हाडांत कळ येते. अशा वेळी अँटिबायोटिक घेतलं आणि चार दिवसांत बरं वाटलं, की श्रेय गोळीला जातं. पण ही दुखणी बहुधा विषाणूंमुळे सुरू होतात आणि आपोआप ओसरतात. मग गोळीने किती केलं आणि शरीराने किती?

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हेच तपासलं. तीव्र सायनुसायटिसच्या, म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या सायनसच्या सुजेच्या, 166 प्रौढ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दहा दिवस अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. सातव्या दिवशी औषधवाले थोडे पुढे होते. दहाव्या दिवशी मात्र अमॉक्सिसिलिन गटात 78 टक्के रुग्णांना बरं वाटत होतं आणि प्लासिबो गटात 80 टक्के.

12 आठवडे हटत नाही ते दुखणं जुनाट. त्यात जंतूंपेक्षा नाकाच्या अस्तराची सततची सूज जास्त त्रास देते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांना 1999 साली अशा 96 टक्के रुग्णांच्या नाकात बुरशी सापडली आणि बुरशीच मूळ असावी असं अनेकांना वाटू लागलं. खरं तर त्याच अभ्यासातल्या निरोगी माणसांच्या नाकातही बुरशी होतीच! पुढे 2006 साली बुरशीनाशक अँफोटेरिसिनने तीन महिने नाक धुतलेल्या आणि औषधाविना द्रावणाने धुतलेल्या रुग्णांची तुलना झाली. फरक पडला नाही. प्लासिबोशी ताडून पाहिलं नसतं, तर कितीतरी लोक हे औषध वर्षानुवर्षं नाकात घालत राहिले असते.

जुनाट दुखण्यात नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराच्या मऊ गाठी, वाढलेल्या रुग्णांसाठी आलेलं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन मात्र प्लासिबोच्या कसोटीला उतरलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मिळून 724 रुग्ण होते आणि सगळ्यांना स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे चालूच होता. इंजेक्शन घेणाऱ्यांचे पॉलिप आक्रसले, वास परत येऊ लागला. हे दुर्बिणीने आणि सीटी स्कॅनने मोजलं, आणि 22 प्रश्नांच्या एका प्रश्नावलीनेही. नाक किती चोंदतं, रात्री जाग येते का, कामात लक्ष लागतं का, चारचौघांत संकोच वाटतो का... प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. एकूण गुणांत साधारण नऊचा फरक पडला, तरच रुग्णाला तो जाणवतो असं मानतात. मला ही प्रश्नावली फार मोलाची वाटते. स्कॅन सुधारूनही माणूस झोपेविना तळमळत असेल, तर त्याला बरं झालं म्हणता येत नाही.

मात्र एका चाचणीत 24 आठवड्यांनी इंजेक्शन थांबवल्यावर त्रास पुन्हा वाढू लागला. दुसरीत काही रुग्णांच्या दोन इंजेक्शनांमधलं अंतर 24 आठवड्यांनंतर दोन आठवड्यांवरून चारवर नेलं, तरी 52 आठवड्यांपर्यंत फायदा टिकून राहिला.