खाचेतली माशी आणि पाव मिलीमीटर

३० जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कियेच्या यूसुफ दिकेचने १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात शेव्वाल इलायदा तारहानच्या जोडीने रौप्यपदक मिळवले आणि त्याचा फोटो जगभर फिरला. साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात पँटच्या खिशात. सोबतच्या मजकुराचा सूर सगळीकडे सारखाच होता: बाकीचे यंत्रे चढवून आले, हा गडी फिरायला निघाल्यासारखा आला आणि पदक घेऊन गेला. 'उपकरणे म्हणजे नुसते थोतांड' असा निष्कर्षही लोकांनी काढून टाकला. हा लेख त्या निष्कर्षामुळे लिहितो आहे.

दिकेचच्या हातातले पिस्तूल इतरांसारखेच खास स्पर्धेसाठी घडवलेले होते. खिशातला हात ही ऐट नव्हे. लोंबता हात धडाला हेलकावे देतो, म्हणून बहुतेक पिस्तूल नेमबाज मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. आणि इतरांच्या डोळ्यांवरची ती विचित्र चौकट? तिच्यात मुख्यतः एक भिंग आणि एक बारीक छिद्र असते. दुर्बीण, लेझर, मनगटाला आधार, यांतले काहीही नियमांत बसत नाही. दिकेच तेव्हा ५१ वर्षांचा होता आणि ते त्याचे पाचवे ऑलिंपिक होते. फोटोत ही गोष्ट दिसत नाही.

ते भिंग आणि ते छिद्र कशासाठी, हे समजायला थोडी भूमिती करावी लागते. या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

१० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलीमीटर व्यासाचे असते. छर्रा ४.५ मिलीमीटरचा. छर्‍याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्यबिंदू लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलीमीटरच्या आत पडला की दहा गुण. असे ६० नेम ७५ मिनिटांत, एका हाताने, उभे राहून. पिस्तूल साधारण एक किलोचे.

आता पिस्तुलाकडे पाहू. मागच्या टोकाला एक चौकोनी खाच आणि नळीच्या पुढच्या टोकावर एक उभी पट्टी. जुन्या मराठीत या पुढच्या खुणेला बंदुकीची माशी म्हणत आणि नेम धरण्याला 'शिस्त धरणे'. मी माशी आणि खाच हेच शब्द वापरतो, कारण ते चपखल आहेत. खाचेच्या बरोबर मधोमध माशी दिसली पाहिजे, दोन्हींचे माथे एका रेषेत आले पाहिजेत आणि माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट राहिली पाहिजे.

खाच आणि माशी यांच्यात सुमारे ३३० मिलीमीटर अंतर धरू. हात सरळ धरला आहे, पण मनगट किंचित वळले आणि माशी खाचेच्या मध्यापासून ०.१ मिलीमीटर बाजूला गेली. कागदाच्या जाडीइतकी. नळीची दिशा ३३० मिलीमीटरमागे ०.१ मिलीमीटर चुकली. १० मीटर म्हणजे १०,००० मिलीमीटरवर ती चूक झाली ३ मिलीमीटर. साधे समरूप त्रिकोण. दहाची हद्द ८ मिलीमीटर आहे, तर माशी खाचेत ०.२६ मिलीमीटर सरकली की दहा गेला. पाव मिलीमीटर!

हात हलण्याचे दोन प्रकार असतात. खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात आणि पिस्तूल एकाच काठीसारखे, मनगट घट्ट ठेवून डोलत असेल तर माशी खाचेत मधोमधच राहते, फक्त ती जोडी लक्ष्यावर इकडेतिकडे तरंगते. या डोलण्यात डोळ्याला जेवढे दिसते साधारण तेवढीच चूक होते. माशी लक्ष्यावर ५ मिलीमीटर सरकलेली दिसली, छर्रा जवळपास ५ मिलीमीटर सरकला. हिशेब उघडा आहे. मनगटाची चूक मात्र लपते. माशी डोळ्यापासून साधारण ९५ सेंटिमीटरवर असते, त्यामुळे तिचे ०.१ मिलीमीटरचे सरकणे लक्ष्यावर जेमतेम १ मिलीमीटर भासते. छर्रा मात्र ३ मिलीमीटर जातो. लक्ष्याकडे पाहणार्‍याला आपली चूक एक तृतीयांशच दिसते.

म्हणूनच नवख्याला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून सांगतात की लक्ष्याकडे बघू नकोस, माशीकडे बघ. ऐकणार्‍याला हे उलटे वाटते. जिथे मारायचे तिथे बघायचे नाही? नाही. लक्ष्य धुरकट दिसले तरी चालते, कारण त्याच्या बाबतीतली चूक वाढत नाही. माशी धुरकट दिसली तर सारे संपले.

पण पाव मिलीमीटर, किंबहुना त्याच्याही निम्मे, माणसाच्या डोळ्याला दिसते तरी कसे? खाच डोळ्यापासून सुमारे ६२ सेंटिमीटरवर आहे. तेवढ्या अंतरावर ०.१ मिलीमीटर म्हणजे साधारण अर्धी कोनीय मिनिट. एका अंशाच्या साठाव्या भागाला कोनीय मिनिट म्हणतात, आणि निरोगी डोळा दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो तो साधारण एका मिनिटापर्यंत. मग हे त्याच्या पलीकडचे झाले.

इथे शाळेतली व्हर्नियर कॅलिपर आठवा. मुख्य पट्टीवरची रेघ आणि सरकत्या पट्टीवरची रेघ कुठे जुळते ते आपण बघत होतो आणि जुळलेली रेघ चटकन सापडायची. दोन ठिपके वेगळे दिसणे आणि दोन रेघा सरळ रेषेत आहेत की नाही हे कळणे, या डोळ्याच्या दोन निराळ्या क्षमता आहेत. दुसरीत डोळा कित्येक पटींनी तरबेज असतो. चांगल्या उजेडात पाच-दहा कोनीय सेकंदांचाही (सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग) फरक कळतो, म्हणजे मिनिटाचा सहावा भाग किंवा त्याहून कमी. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मध्यभागी प्रकाश टिपून घेणाऱ्या शंकूपेशी ज्या अंतरावर रचलेल्या असतात, ते अंतरही याच्यापेक्षा मोठे आहे! एकेका पेशीला ही माहिती असूच शकत नाही. रेघेची प्रतिमा अनेक पेशींवर पसरलेली असते, कोणावर किती प्रकाश पडला याची मेंदू तुलना करतो आणि त्या पसरलेल्या प्रकाशाचा मध्य काढतो. सरासरी काढल्याने मोजमाप बारीक होते, हे प्रयोगशाळेत वाचने घेणार्‍या प्रत्येकाला माहीत आहे. डोळा तेच अवकाशात करतो. माशी ०.१ मिलीमीटर सरकली की एक फट तेवढी वाढते आणि दुसरी तेवढीच कमी होते, म्हणजे दोन फटींतला फरक ०.२ मिलीमीटर. तोलून पाहणार्‍या डोळ्याला एवढे पुरते.

अट एकच, कडा स्वच्छ हव्यात. आता भिंग आणि छिद्र यांचे काम उलगडते. निवांत असलेला निरोगी डोळा दूरवर स्थिर असतो. ९५ सेंटिमीटरवरच्या माशीवर नजर आणायला डोळ्यातल्या भिंगाला साधारण एक डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात ते) ताकद वाढवावी लागते, आणि तीही तासाहून जास्त वेळ, पुन्हा पुन्हा. चाळिशीनंतर हे कठीण होत जाते. म्हणून नेमबाज आपल्या नंबरात अधिक ०.५० किंवा ०.७५ ची भर घालून घेतात. नजर आपोआप माशीच्या आसपास येते आणि दूरचे लक्ष्य ओळखण्याइतके शिल्लक राहते. बारीक छिद्र कॅमेर्‍याच्या लहान केलेल्या झरोक्यासारखे जवळचे-दूरचे दोन्ही थोडे रेखीव करते. फार बारीक केले तर उजेड घटतो आणि कडा पुन्हा विरतात. वाचायच्या चष्म्यातून नेम धरणार्‍यांना मी कळकळीने सांगतो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना माशीचे अंतर टेपने मोजून घेऊन जा.

नेम लक्ष्याच्या काळ्या भागात न धरता त्याच्या खाली पांढर्‍यावर धरतात, तेही याच कारणाने. काळ्यावर काळी माशी हरवते. मागची खाच तेवढी वर करून ठेवली की छर्रा बरोबर केंद्रात जातो.

आता चाप. हाताला कंप प्रत्येकाच्या असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. तो आजार नाही. 'सगळे जुळले की ओढ' हा सल्ला ऐकायला बरा वाटतो. पण डोळ्याने पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि तेवढ्यात १० आवर्तनांच्या कंपाची दोन आवर्तने पूर्ण होतात. जुळलेला क्षण पकडणे शरीराला अशक्य आहे. पकडायला गेलेले बोट चाप हिसकते, हिसक्याने मनगट वळते आणि पुन्हा तोच पाव मिलीमीटर. चाप सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा असा नियम आहे. एक किलोच्या पिस्तुलावर हा जोर तिरका पडला तर काय होईल ते उघड आहे. म्हणून डोलणे मान्य करायचे, फटी सारख्या ठेवायच्या आणि दाब सरळ मागे, सावकाश वाढवत न्यायचा. आठ-दहा सेकंदांत सुटले नाही तर हात खाली. श्वास रोखून ताणत बसले की नजर मंदावते आणि कंप वाढतो.

कंपावर औषध असते, आणि ते बंदी घातलेल्या यादीत आहे. बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल हे असेच औषध सापडले आणि त्याची रौप्य व कांस्य ही दोन्ही पदके काढून घेतली गेली. याउलट 'ऊर्जा संतुलित करणारे' मनगटपट्टे राजरोस विकले जातात. त्यांचे प्रात्यक्षिक ठरलेले असते. आधी पट्टा नसताना तुमचा पसरलेला हात दाबतात, तुम्ही झुकता. मग पट्टा घालून दाबतात, तुम्ही ठाम राहता. दुसर्‍या वेळी दाब किंचित तुमच्या शरीराकडे वळवलेला असतो, बस. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक नियामकाने अशा पट्ट्यांच्या एका विक्रेत्याला आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक आधार नाही हे जाहीरपणे कबूल करायला लावले. पट्टा बांधल्याने नेम सुधारत नाही. ते पैसे छर्‍यांवर खर्च करा.

राहिले यंत्र. चांगले पिस्तूल शिकंज्यात आवळून झाडले तर छर्रे एकमेकांच्या भोकातून जातात. ते आपले काम करते, फक्त ते रोज तसेच करायला हवे. छर्रा साधारण सेकंदाला १५० मीटर वेगाने निघतो, १० मीटरला ०.०६७ सेकंद घेतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने सुमारे २२ मिलीमीटर खाली येतो. खाच वर चढवून ही घट भरून काढलेली असते. वेगात दोन टक्के फरक पडला तर उंचीत चार टक्के, म्हणजे एक मिलीमीटरही नाही. चिंता नको. पण छर्रा ढकलणारी दाबलेली हवा पिस्तुलाच्या नळकांड्यात असते, आणि नियंत्रक नावाचा भाग ती दर वेळी सारख्याच दाबाने सोडतो. नळकांड्यातला दाब, भरताना जो साधारण २०० बार असतो, नियंत्रकाच्या ठरावीक दाबाखाली उतरला आणि वेग १३५ वर आला, तर छर्रा २७ मिलीमीटर खाली जातो. ५ मिलीमीटरची घसरण, नेम जसाच्या तसा. नेमबाज मनगटाला दोष देत बसतो आणि दोष हवेचा असतो. गुणपत्रकावर ठोके, म्हणजे छर्रे लागल्याच्या खुणा, उभ्या रेषेत खाली सरकताना दिसले तर आधी दाबमापक बघा.

छर्‍यांच्या डोक्याचा व्यास शतांश मिलीमीटरने वेगवेगळा मिळतो आणि नळीला कोणता मानवतो हे झाडून पाहूनच ठरते. ठरला की एकाच बॅचचे डबे घेऊन ठेवावेत. रबरी कड्या झिजतात. नळकांड्यावर मुदत छापलेली असते, आणि ती पाळण्याची जबाबदारी नियमानुसार खेळाडूची. विजेवर चालणार्‍या चापाला बॅटरीची काळजी वेगळी.

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरचे पिस्तूल बिघडले. ते ठीक होऊन ती परत उभी राहीपर्यंत मोलाची मिनिटे गेली होती. तिने ५७५ गुण केले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्य मिळवले. टोकियोतला तिचा प्रसंग आठवला की सरावाआधीची पाच मिनिटांची तपासणी मला कधीच जास्त वाटत नाही.

माझ्या स्वतःच्या पिस्तुलाच्या मागच्या खाचेचा स्क्रू एकदा ढिला झाला होता. दोन आठवडे ठोके डावी-उजवीकडे पसरत राहिले आणि मी मनगटाचे व्यायाम वाढवत राहिलो. स्क्रू सापडल्यावर तो आवळला आणि त्याच्या डोक्यावरून थेट खालच्या धातूपर्यंत पांढर्‍या रंगाची केसाएवढी रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ मधोमध तुटते. पेटी उघडली की आधी त्या रेघेकडे बघतो. व्हर्नियरची ती जुळलेली रेघ ओळखायला शिकलेला डोळा इथेही तेच काम करतो, आणि अर्धा अंश फिरलेला स्क्रूही त्याच्या नजरेतून सुटत नाही.