दोन नद्यांमधली जमीन : अमेरिका-मेक्सिको युद्धाची पार्श्वभूमी

नुएसेस ही टेक्सासच्या दक्षिण भागातली तशी किरकोळ नदी. तिच्या मुखापासून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला सुमारे २४० किलोमीटर गेलं की रिओ ग्रांदे लागते. मेक्सिकोत तिला रिओ ब्रावो म्हणतात. मधला पट्टा म्हणजे काटेरी झुडपं, मोकाट गुरं आणि रानघोडे. या ओसाड पट्ट्यात २५ एप्रिल १८४६ रोजी मेक्सिकन सैन्याने अमेरिकी घोडदळाची एक तुकडी घेरली. त्यातून जे युद्ध पेटलं त्याच्या अखेरीस, टेक्सास धरून हिशेब केला तर, मेक्सिकोच्या हातून निम्म्याहून अधिक मुलूख गेला होता. पण या भांडणाची सुरुवात चढाईने झालेली नाही, आमंत्रणाने झाली आहे.

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे उत्तरेकडचे प्रांत नकाशावर अवाढव्य होते आणि मेक्सिकन वस्ती मात्र तुरळक. मोकळे होते असं म्हणणं चूक ठरेल, कारण कोमांचे आणि अपाचे हे मूळचे रहिवासी तिथे होतेच आणि कोमांचांच्या धाडींपुढे मेक्सिकोच्या चौक्यांचं काही चालत नव्हतं. तिजोरीत खडखडाट. मग एक तोडगा निघाला : बाहेरची माणसं आणून वसवायची, म्हणजे जमीन कसली जाईल आणि धाडींना आडोसाही होईल. स्पेनने जाता जाता मोझेस ऑस्टिन या अमेरिकी माणसाला ३०० कुटुंबं आणायची परवानगी दिली होती. तो वारला, आणि मुलगा स्टीफन ऑस्टिनने तीच परवानगी नव्या सरकारकडून पक्की करून घेतली.

अटी दोन : मेक्सिकोचं नागरिकत्व आणि कॅथलिक धर्म. मोबदल्यात गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला एक ‘लीग’ जमीन, म्हणजे ४,४२८ एकर, जुजबी फी भरून. तिकडे अमेरिकेत १८२० पासून सरकारी जमिनीची उधारी बंद झाली होती. एकरी सव्वा डॉलर, कमीत कमी ८० एकर, म्हणजे शंभर डॉलर रोख मोजायचे. १८१९ च्या मंदीत बुडालेल्या शेतकऱ्याला यातलं काय निवडायचं ते सांगावं लागलं नाही. शिवाय सरहद्द ओलांडली की सावकाराचा तगादाही मागे राहायचा. दारावर ‘टेक्सासला गेलो’ असं खरडून माणसं रातोरात निघून जात, असं सांगतात.

ही ओढ नुसती जमिनीची नव्हती, कापसाचीही होती. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस पुरत नव्हता. सरकी काढायचं यंत्र आल्यापासून दक्षिणेतल्या राज्यांत जो तो कापूसच लावत होता. पण सलग कापूस घेतला की काही वर्षांत रानाचा कस जातो, आणि मग मळेवाल्याची नजर पुढच्या रानाकडे वळते. १८०३ मध्ये नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेतल्यावर अमेरिकेचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं होतं, आणि हा पसारा टेक्सासच्या उंबऱ्याला येऊन भिडला होता. त्या कापसामागे राबणारे हात गुलामांचे होते. टेक्सासात आलेल्या मळेवाल्यांनी नांगर आणि बैलांबरोबर गुलामही आणले.

इथे पहिली ठिणगी पडली. मेक्सिकोत गुलामगिरीविरुद्धचं मत वाढत होतं. वसाहतवाल्यांनी त्यावर पळवाट काढली : गुलामाला ‘नोकर’ म्हणायचं आणि त्याच्याकडून करार लिहून घ्यायचा. करार कधी कधी ९९ वर्षांचा असे. मालकाने मोजलेली किंमत हे नोकराच्या डोक्यावरचं कर्ज, मजुरीतून ते फेडायचं, आणि कपडालत्ता-खाणंपिणं त्याच मजुरीतून वळतं व्हायचं. फिटणं शक्यच नाही असा हिशेब. आपल्याकडच्या वेठबिगारीच्या चोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते गेरेरो यांनी देशभर गुलामगिरी बंद केली. टेक्सासात ओरड झाली आणि टेक्सासला सूट मिळाली. कायदा आपल्यासाठी वाकतो हे त्या दिवशी वसाहतवाल्यांना कळलं.

त्याआधीच, १८२८ मध्ये, सरकारने जनरल मान्युएल दे मिएर इ तेरान यांना पाहणीला पाठवलं होतं. सान आंतोनिओहून पूर्वेला नाकोगदोचेसकडे जावं तसतसा मेक्सिकोचा मागमूस पुसट होत जातो, असं त्यांनी राजधानीला कळवलं. त्यांच्या इशाऱ्यांवरून ६ एप्रिल १८३० चा कायदा आला : अमेरिकेतून नवे लोक येणं बंद. पण सरहद्दीवर शिपाईच नाहीत, तर अडवणार कोण? लोक येतच राहिले, आता बेकायदा. कागदपत्रांविना सीमा ओलांडणाऱ्या अमेरिकी घुसखोरांनी मेक्सिकोचं सरकार हैराण झालं होतं, हे आजच्या बातम्या वाचताना मुद्दाम आठवण्यासारखं आहे.

‘भटाला दिली ओसरी’ ही म्हण इथे ओठावर येते, पण ती पुरती लागू पडत नाही. १८३५ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष जनरल सांता आना यांनी १८२४ ची संघराज्याची घटना गुंडाळली आणि सत्ता राजधानीत एकवटली, तेव्हा बंड एकट्या टेक्सासने केलं नाही. साकातेकास प्रांतानेही केलं, आणि ते रक्तात बुडवलं गेलं. टेक्सासच्या बाजूने लढणाऱ्यांत हुआन सेगिन यांच्यासारखे जन्माने तिथले मेक्सिकनही होते. घटनेचा राग खरा होता आणि गुलाम हातचे जातील ही धास्तीही खरी होती. त्यातली एकच बाजू सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

६ मार्च १८३६ रोजी सान आंतोनिओतली आलामोची गढी सांता आनांच्या फौजेपुढे पडली, आतले टेक्सासचे लढवय्ये मारले गेले. सहा आठवड्यांनी, २१ एप्रिलला, सान हासिंतोच्या माळावर टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टनच्या फौजेने दुपारच्या वेळी बेसावध मेक्सिकन छावणीवर झडप घातली. लढाई १८ मिनिटं चालली म्हणतात. दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या वेशातला एक कैदी आणला गेला. बाकीच्या कैद्यांनी त्याला पाहून ‘एल प्रेसिदेंते’ म्हणत मान दिला आणि सांता आना पकडले गेल्याचं उघड झालं.

कैदेतल्या सांता आनांनी वेलास्को इथे सही केली : मेक्सिकन फौजा रिओ ग्रांदेपलीकडे जातील. मेक्सिकोच्या काँग्रेसने हा तह फेटाळला. कैद्याच्या सहीला अर्थ नाही म्हणाले. टेक्सासने मात्र त्याचाच धागा पकडून रिओ ग्रांदे ही आपली हद्द जाहीर केली. वास्तविक स्पेनच्या काळापासून टेक्सास प्रांताची हद्द नुएसेस होती. नवा दावा नदीच्या उगमापर्यंत नेल्यामुळे कागदावर सांता फे शहरही टेक्सासात आलं.

पुढची नऊ वर्षं टेक्सास स्वतंत्र देश म्हणून राहिला. त्याला अमेरिकेत सामील व्हायचं होतं, पण वॉशिंग्टनला ते पचत नव्हतं : आणखी एक गुलामांचं राज्य आलं तर सिनेटमधला गुलामांच्या आणि बिनगुलामांच्या राज्यांचा तोल जाईल, आणि मेक्सिकोशी युद्धही होईल. १८४४ च्या निवडणुकीत जेम्स पोल्क विस्ताराच्या घोषणेवर निवडून आले. डिसेंबर १८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेचं राज्य झालं. त्याच वर्षी पत्रकार जॉन ओसुलिव्हन यांच्या मासिकात खंडभर पसरणं हे अमेरिकेचं विधिलिखित आहे, असा शब्दप्रयोग आला आणि गाजला. आधी कापूस गेला, मग गाड्या गेल्या, मग फौज. विधिलिखित सगळ्यात शेवटी आलं.

पोल्क यांचा डोळा मुळात कॅलिफोर्नियावर होता, सान फ्रान्सिस्कोच्या बंदरावर. १८४५ च्या अखेरीस त्यांनी जॉन स्लायडेल यांना अडीच कोटी डॉलरपर्यंतचा देकार घेऊन मेक्सिकोला पाठवलं. मेक्सिकोच्या सरकारने त्यांना भेटच दिली नाही. जो राष्ट्राध्यक्ष जमीन विकेल त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी जाईल अशी तिथली हवा होती, आणि नुसतं बोलणी करण्याच्या संशयावरूनही राष्ट्राध्यक्ष एरेरा यांची गेलीच. जानेवारी १८४६ मध्ये पोल्क यांनी जनरल टेलर यांना वादग्रस्त पट्टा ओलांडून रिओ ग्रांदेवर जायचा हुकूम सोडला. टेलर यांनी माटामोरोस शहरासमोर नदीकाठी किल्ला बांधून तोफांची तोंडं शहराकडे वळवली.

पुढचा प्रसंग पोल्क यांच्याच रोजनिशीत आहे. ९ मे, शनिवार. मंत्रिमंडळाची बैठक. युद्ध पुकारायचं, कारण स्लायडेल यांचा अपमान आणि मेक्सिकोकडची थकबाकी. नौदलमंत्री बँक्रॉफ्ट म्हणाले, मेक्सिकोने आधी काही आगळीक केली असती तर बरं झालं असतं. बैठक संपली, आणि त्याच संध्याकाळी टेलर यांचा खलिता आला : मेक्सिकनांनी हल्ला केला, आपले सोळा जण ठार आणि जखमी. रविवारी पोल्क यांनी चर्चला जाऊन येऊन संदेश लिहिला. प्रार्थनेच्या दिवशी काम करावं लागलं याची खंतही नोंदवली. सोमवारी काँग्रेससमोर संदेश गेला : मेक्सिकोने अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकी रक्त सांडलं. ठरावाची रचना अशी की युद्धाला नाही म्हणायचं तर आघाडीवरच्या शिपायांची रसदही नाकारायची. प्रतिनिधीगृहात १७४ विरुद्ध १४. त्या चौदांत म्हातारे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स होते. पुढच्या वर्षी अब्राहम लिंकन नावाचा नवखा सदस्य उभा राहिला : रक्त सांडलं ती नेमकी जागा कोणती, आणि ती आपली कशी, ते दाखवा. उत्तर मिळालं नाही.

युद्ध पावणेदोन वर्षं चाललं. न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया लवकर गेले, आणि व्हेराक्रूझला उतरलेली अमेरिकी जनरल स्कॉट यांची फौज सप्टेंबर १८४७ मध्ये मेक्सिको सिटीत शिरली. सुमारे १३,००० अमेरिकी शिपाई मेले, बहुतेक रोगराईने. मेक्सिकोची बाजू तर वेगळीच : युद्ध चालू असताना सत्ता हातोहात फिरत होती.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गो इथे तह झाला. अमेरिकेने मेक्सिकोला दीड कोटी डॉलर द्यायचे, आणि रिओ ग्रांदे ही हद्द. अमेरिकेतर्फे सही करणारे निकोलस ट्रिस्ट यांना पोल्क यांनी कधीच परत बोलावलं होतं. हुकूम धुडकावून त्यांनी तह उरकला. त्यांचा थकलेला पगार मिळाला १८७१ मध्ये. तहाच्या नऊ दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात सटर यांच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोनं सापडलं होतं. सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नव्हता.

रिओ ग्रांदे मात्र तहाच्या रेषेला बांधील राहिली नाही. १८६४ च्या पुराच्या आसपास तिने एल पासोजवळ पात्र दक्षिणेकडे सरकवलं आणि चामिसाल नावाचा मेक्सिकोचा तुकडा अमेरिकेच्या काठाला जाऊन बसला. १९११ च्या लवादाने त्यातला मोठा भाग मेक्सिकोचा ठरवला, अमेरिकेने मानलं नाही. अखेर १९६३ मध्ये करार झाला, आणि तिथे हद्द राखण्यासाठी नदीला सिमेंट काँक्रीटच्या पात्रात घालण्यात आलं.